गाळलेलं, ओतलेलं आणि चुंबकाला आवडलेलं लोखंड

कोल्हापुरात पीएचडीचा विषय समजावून सांगायला मला फारसा त्रास पडत नाही. ‘चुंबकासाठी लागणारं लोखंड’ एवढं म्हटलं की समोरच्याचं कुणी ना कुणी फाउंड्रीत निघतंच. भाऊ शिरोलीत, मेहुणा गोकुळ शिरगावात, नाहीतर वडील उद्यमनगरात पॅटर्न करायचे. आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला: लोखंड वितळवलं की त्यातला चुंबक मरतो म्हणतात, ते खरं काय?

अर्धं खरं आहे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचं चुंबकत्व मात्र ७७० अंशांनाच जातं, म्हणजे ते अजून घट्ट आणि लालभडक असतानाच. पिअर क्यूरीने १८९५ साली हे बारकाईने मोजलं, म्हणून त्या तापमानाला क्यूरी बिंदू म्हणतात. यार्डात स्क्रॅप उचलणारी मॅग्नेट क्रेन लाल झालेला तुकडा उचलू शकत नाही ती याच कारणाने. पण तोच तुकडा निवला की पुन्हा चिकटतो. वितळवून, साच्यात ओतून निववला तरी चिकटतो. कारण चुंबकाला प्रतिसाद देणं हा लोखंडाच्या अणूंचा आणि त्यांच्या रचनेचा गुण आहे, आणि निवताना ती रचना परत तयार होते. एखादी पट्टी आधीच चुंबक बनवलेली असेल तर तिचं ते कमावलेलं चुंबकत्व भट्टीत पुसलं जातं. जन्मजात क्षमता पुसली जात नाही.

मग वितळवण्याने काही फरक पडत नाही का? पडतो, आणि भरपूर पडतो. दोष संगतीचा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, तसं आहे हे. वितळलेलं लोखंड जे जे जवळ असेल ते विरघळवून घेतं: कोकमधला कार्बन आणि गंधक, हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन, भट्टीच्या अस्तरातलं सिलिकॉन. थंड होताना यातलं बरंचसं त्याला पोटात ठेवता येत नाही, पण टाकूनही देता येत नाही. या एका अडचणीमुळे एक विचित्र इतिहास घडला. विजेचा शोध लागल्यानंतर कित्येक दशकं चुंबकासाठी सर्वांत चांगलं लोखंड ते होतं, जे शुद्ध झाल्यावर कधी वितळलंच नव्हतं.

तसं लोखंड आपल्या डोंगरात होत होतं. सह्याद्रीत लोखंड काढणाऱ्या समाजाला धावड म्हणत. महाबळेश्वरच्या परिसरात हा व्यवसाय मुसलमान धावडांकडे होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरवरचा खंड १८८६चा आहे. त्यात विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या भागांत लोहखनिज मिळतं अशी नोंद आहे, आणि लोखंड काढण्याचा धंदा पूर्वी इथे बऱ्यापैकी महत्त्वाचा होता, असंही म्हटलं आहे. पन्हाळ्यावर ज्या जांभ्या दगडावरून आपण चालतो, त्याचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्यातल्या लोखंडाने समृद्ध अशा थरांतून हे खनिज येत असे.

या कामाला मराठीत शब्द आहे ‘लोखंड गाळणं’. मला तो फार नेमका वाटतो. मातीच्या बुटक्या भट्टीत लोणारी कोळसा आणि खनिज यांचे थर द्यायचे आणि भात्याने वारा घालायचा. आत तापमान ११००–१२०० अंशांच्या आसपास जातं. इतक्यात लोखंड वितळत नाही. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड घट्ट अवस्थेतच मोकळं होतं. वितळते ती मळी. ती वाहून खाली गळते आणि मागे स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरतो. गाळात काय जातं आणि गाळणीत काय राहतं, याचं इतकं चोख वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडत नाही. मग तो गोळा तापवून घणाने ठोकायचा, म्हणजे उरलेली मळी पिळून निघते. हे झालं घडीव लोखंड.

ते अगदी शुद्ध नसे. त्यात मळीचे धागे राहत, काही गोळ्यांत कार्बन कमी तर काहींत जास्त असे, आणि खनिजातलं फॉस्फरसही उतरत असे. पण कोळशाच्या शेजारी द्रवरूपात न राहिल्यामुळे त्याला कार्बन पोटभर खायला वेळच मिळत नसे. त्यामुळे लोखंड नरम राही. लोहाराला हवं तसं वाकवता येई.

हा धंदा बंद का पडला, याचं कारण तंत्रात नाही. कोल्हापूरबद्दल गॅझेटिअर सांगतं की परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालापुढे इथलं लोखंड टिकलं नाही, शिवाय मजुरी आणि जळण महाग पडलं. महाबळेश्वरकडे तर जंगल राखीव झाल्यावर कोळशाचाच प्रश्न आला. एका शेर लोखंडासाठी कित्येक पट कोळसा लागतो. जंगल बंद म्हणजे भट्टी बंद. ज्यांच्या हाताला भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून आतलं काम कळत होतं ती माणसं मोलमजुरीला लागली. त्यांच्या ज्ञानाची नोंद गॅझेटिअरच्या चार ओळींत आहे. संशोधक म्हणून मला याची हळहळ वाटते, कारण त्या भट्ट्यांत हवा किती, कोळसा कुठल्या झाडाचा, ठोकायचं किती वेळा, याच्या तपशिलावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता कोल्हापूरच्या दुसऱ्या लोखंडाकडे येऊ. ते म्हणजे बीड. बिडाचा तवा घरोघरी आहे, आणि बिडाच्याच चरकांनी, पंपांनी, ऑइल इंजिनांनी हा जिल्हा उभा केला. बिडात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यामुळेच ते ११५० अंशांच्या आसपास वितळतं, शुद्ध लोखंडापेक्षा जवळजवळ ४०० अंश आधी. क्युपोला भट्टीत कोक आणि लोखंड एकमेकांना चिकटून खाली सरकतात आणि लोखंड कार्बन पिऊन पातळ होतं. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतण्यासाठी दिल्या, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली सुरू झालेला, नांगर हा त्यांचा पहिला मोठा माल. ही गोष्ट ऐकली की माझ्या डोक्यात भलताच विचार येतो: त्या तोफा घडीव होत्या की ओतीव? पण क्युपोलाला त्याचं सोयरसुतक नसतं. घडीव टाका की ओतीव, कोकमधून खाली उतरेपर्यंत दोन्हीचं बीड होतं.

चुंबकाच्या दृष्टीने या दोन लोखंडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. का, ते थोडक्यात सांगते. लोखंडाच्या आत छोटे छोटे प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेशातले अणू एका दिशेला तोंड करून उभे असतात, पण वेगवेगळ्या प्रदेशांच्या दिशा वेगळ्या, म्हणून बाहेरून एकूण परिणाम शून्य. ही कल्पना पिअर वाइस यांनी १९०७ साली मांडली. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की योग्य दिशेचे प्रदेश वाढतात, म्हणजे त्यांच्यामधल्या भिंती सरकतात. शेतातला बांध रात्रीतून सरकवावा तसं. भिंत सहज सरकली तर लोखंड ‘मृदू’ चुंबक: थोड्या विजेत भरपूर चुंबकत्व, आणि वीज बंद केली की जवळजवळ काही नाही. भिंत अडकली तर वीज जास्त लागते, आणि बंद केल्यावरही चुंबकत्व मागे उरतं.

भिंती कशाला अडकतात? कार्बाइडच्या कणांना, मळीला, ऑक्साइडला, नायट्राइडला, ठोकून आलेल्या आतल्या ताणांना. थंड लोखंड स्वतःत कार्बन जवळपास अजिबात विरघळवून ठेवू शकत नाही. ७२७ अंशांनासुद्धा मर्यादा आहे ०.०२ टक्क्याच्या जेमतेम वर. त्यापुढचा प्रत्येक कण कार्बाइड किंवा ग्राफाइट होऊन बाहेर पडतो आणि भिंतींच्या वाटेत खुंट्या ठोकून बसतो. क्षेत्राला लोखंड किती पट साथ देतं या आकड्याला पर्मिॲबिलिटी म्हणतात. राखाडी बिडात ती काही शेकडे भरते. चांगल्या तापवून निववलेल्या बाजारी शुद्ध लोखंडात काही हजार.

विल्यम स्टर्जनने १८२५ साली लंडनमध्ये पहिला विद्युतचुंबक दाखवला. घोड्याच्या नालाच्या आकाराचा २०० ग्रॅमचा लोखंडी तुकडा, त्याला रोगण देऊन भोवती तारेचे सैल १८ वेढे, आणि त्याने उचललं सुमारे ४ किलो. १८३१च्या ऑगस्टमध्ये फॅरडेने ज्या कड्यावर विद्युत प्रवर्तन शोधलं तेही नरम लोखंडाचं, ६ इंच व्यासाचं. ही सगळी लोहाराच्या ऐरणीवरून आलेली लोखंडं. तेव्हा युरोपात बीड तापवून, ढवळून त्यातला कार्बन जाळून टाकत. कार्बन जसजसा कमी होई तसतसा लोखंडाचा वितळबिंदू वर जाई, भट्टीची उष्णता पुरी पडेना, आणि लोखंड आपोआप घट्ट पिठाच्या गोळ्यासारखं होई. म्हणजे इथेही शुद्ध झालेलं लोखंड द्रव राहत नसे. तारायंत्रांच्या काळात लोणारी कोळशावर केलेल्या स्वीडनच्या लोखंडाला चुंबकांसाठी खास मागणी होती.

डायनामो आले तेव्हा आकार मोठे झाले. अवजड सांगाडे घडवण्यापेक्षा ओतणं स्वस्त, म्हणून कारखानदारांनी बीड वापरून पाहिलं. जॉन हॉपकिन्सन यांनी १८८५ साली घडीव लोखंड, बीड आणि पोलाद यांचे चुंबकीय आलेख छापले. त्यात फरक लख्ख दिसत होता. बिडाचा सांगाडा करायचा तर तो चांगलाच जाड करावा लागे, आणि वर तांबं जास्त.

यावर उपाय असा वाटेल की कार्बन नसलेलं लोखंड सरळ वितळवून ओतावं. हेन्री बेसेमरने १८५६ साली वितळलेल्या बिडातून हवा फुंकून नेमकं तेच केलं होतं: कार्बन जाळून टाकला आणि त्याच जळण्याच्या उष्णतेने लोखंड द्रव ठेवलं. जगात पहिल्यांदाच जवळजवळ कार्बन नसलेलं लोखंड टनावारी वितळलं. आणि ते बऱ्याच ठिकाणी रद्दी निघालं! कार्बन गेला पण ऑक्सिजन भरला. ठोकताना ते तडकू लागलं. रॉबर्ट मुशेटने मँगनीज घालून त्याला वठणीवर आणलं. चुंबकासाठी तर आणखी एक भूत राहिलं, हवेतून आलेला नायट्रोजन. १८९०च्या दशकात ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की गाभा महिनोन्महिने गरम राहिला की दर महिन्याला जास्त वीज खातो. लोखंड म्हातारं होत होतं. विल्यम मॉर्डे यांनी १८९५ साली या मंद बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण पुढे कळलं: लोखंडात अडकून बसलेले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू कोमट उष्णतेत हळूहळू एकत्र येतात आणि बारीक कण बनवतात. म्हणजे नव्या खुंट्या. रॉबर्ट हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९००च्या सुमारास सिलिकॉन घातलेलं लोखंड पुढे आणलं. त्याने म्हातारपण थांबवलं आणि विजेचा अपव्ययही घटवला. आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आजही त्याचेच वंशज पत्रे आहेत.

शुद्ध लोखंड वितळवण्याची खरी परीक्षा १९१४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाली. नॉर्वेत जन्मलेल्या ट्रिग्वे येन्सनने विजेच्या साहाय्याने द्रावणातून जमवलेलं अतिशुद्ध लोखंड घेतलं आणि ते निर्वातात वितळवलं. हवा नाही, म्हणून ऑक्सिजन-नायट्रोजन नाही. उलट आत असलेले वायू बाहेर ओढले गेले. मिळालेल्या लोखंडाची पर्मिॲबिलिटी तोवरच्या उत्तम लोखंडांच्या कित्येक पट निघाली. ‘वितळवलं की चुंबक बिघडतो’ ही समजूत या एका प्रयोगाने मोडली. बिघडवणारी होती हवा आणि भांडं. त्याच सुमारास ओहायोतल्या अमेरिकन रोलिंग मिल कंपनीने मोठ्या भट्टीत ९९.८ टक्क्यांहून शुद्ध लोखंड टनावारी काढायला सुरुवात केली. हेतू होता गंज कमी लागावा हा, पण प्रयोगशाळांनी ते चुंबकांसाठी उचललं. आजही ‘आर्मको’ म्हटलं की आमच्या क्षेत्रात शुद्ध लोखंड असंच समजतात.

मग १९३०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत चिओफीने लोखंड १४०० अंशांच्या वर, कित्येक तास शुद्ध हायड्रोजनमध्ये तापवलं. हायड्रोजन कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक सगळं धुऊन नेतो. पर्मिॲबिलिटी दोन लाखांच्या वर गेली. बिडाचे काही शेकडे आठवा. आणि एवढा फरक एक टक्क्याच्याही कितीतरी कमी मळ काढल्याने! धावडांच्या भट्टीतही कार्बन मोनॉक्साइड हा वायू घट्ट लोखंडावरून फिरत होता, इथे त्याच्या जागी हायड्रोजन आला. दोन्हींची तुलना ताणून धरायची नाही, पण तत्त्व ओळखीचं आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण शिरोलीतले एक फाउंड्रीवाले. त्यांना चुंबकाचे पोल ओतण्याबद्दल विचारणा आली होती आणि ‘शुद्ध लोखंड’ असं लिहिलं होतं. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, सीआय नको, एसजी नको, नुसतं लोखंडच ओतायचं म्हणतात. जमंल काय?”

जमेल, पण बिडाची सवय विसरावी लागेल. बीड १४०० अंशांच्या आसपास ओतलं तरी साच्याच्या कानाकोपऱ्यात पळतं. शुद्ध लोखंडाला १६००च्या वर न्यावं लागतं आणि तरी ते आळसटलेलं राहतं. बिडात निवताना ग्राफाइट फुगतं आणि आकसण्याची बरीच भरपाई करतं. शुद्ध लोखंड आकसतं ते आकसतंच, म्हणून रायझर मोठे लागतात. ग्रॅफाइटची मूस चालत नाही, कारण तिचाच कार्बन विरघळतो. नेहमीचं सिलिकाचं रॅमिंग या तापमानाला फार टिकत नाही, आणि ऑक्साइड झालेलं लोखंड वाळूशी मिळून चिकट काच बनवतं, ती कास्टिंगला घट्ट बसते. मॅग्नेशिया किंवा ॲल्युमिनाचं अस्तर बरं. सर्वांत मोठी डोकेदुखी वायूंची. कार्बन जवळपास नसल्याने द्रव लोखंड ऑक्सिजन मुबलक पितं आणि घट्ट होताना ओकतं, मग ब्लोहोलच ब्लोहोल. ॲल्युमिनियम घालून तो बांधावा लागतो, आणि जास्त घातलं तर त्याचेच कण भिंतींना अडवतात.

मी त्यांना उलट विचारलं की पोल कशासाठी हवेत? कारण सगळा निर्णय त्यावर आहे. नाजूक रिले किंवा मोजमापाचं यंत्र असेल तर मंद क्षेत्रातला प्रतिसाद महत्त्वाचा, तिथे कार्बनचा दशांश टक्काही घात करतो. पण माल उचलणारा मोठा विद्युतचुंबक असेल तर लोखंड जवळजवळ भरेपर्यंत चुंबकित केलेलं असतं. भरण्याची कमाल मर्यादा शुद्ध लोखंडात २.१५ टेस्ला. अर्धा-एक टक्का भेसळीने ती थोडीशीच घटते, बिडात मात्र चांगलीच. म्हणजे उचलण्याच्या चुंबकासाठी अतिशुद्धतेमागे धावून पैसा घालवण्यात अर्थ नाही. कमी कार्बनचं, गंधक आवरलेलं, थोडं सिलिकॉन असलेलं ओतीव पोलाद घ्यावं, यंत्रावर कापून झाल्यावर ८५०–९०० अंशांना तापवावं आणि भट्टीतच सावकाश निवू द्यावं. हे शेवटचं निववणं बरेचजण वेळ वाचवायला टाळतात आणि मग लोखंडाला दोष देतात.

त्यांच्या प्रश्नामागे दुसरी काळजी होती, ती त्यांनी जाता जाता बोलून दाखवली. कोल्हापुरात तीनशेच्या आसपास फाउंड्रीज, आणि त्यांच्या मालाचा मोठा भाग गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या इंजिनांना जातो. गाड्या विजेवर गेल्या तर सिलिंडर ब्लॉक कोण घेणार? मोटरमध्ये लोखंड असतंच की, मग ते आपण ओतू, असं वाटणं साहजिक आहे. इथे मला त्यांची निराशा करावी लागली. मोटरचा चुंबकीय गाभा सिलिकॉन पोलादाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून पातळ पत्र्यांच्या थप्पीचा असतो. क्षेत्र सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होतं, आणि सलग ओतीव तुकड्यात त्याने विजेचे भोवरे उठून तो तापून निघेल, लोखंड कितीही शुद्ध असो. उलट शुद्ध लोखंड विजेचं जास्त चांगलं वाहक, म्हणजे भोवरे जास्तच. याच अडचणीमुळे रेडिओच्या वारंवारतेला धातू सोडून फेराइटकडे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडच्या मातीभांड्यासारख्या पदार्थांकडे वळावं लागलं. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांच्यावर कित्येक दशकं काम झालं आहे.

मोटरचं बाहेरचं कवच, टोकाची झाकणं, बेअरिंगची घरं ओतीवच राहतील. पण त्यात बिडाची स्पर्धा ॲल्युमिनियमशी आहे, आणि वजनाने ती एका इंजिन ब्लॉकची बरोबरी करत नाहीत. त्यांनी हिशेब तिथेच बोटांवर केला. पोलची चौकशी मात्र त्यांनी सोडलेली नाही. पुढच्या महिन्यात ०.०५ टक्के कार्बनच्या आत राहून एक हीट घ्यायची, त्याच मालाचं एक कडं कापून मला द्यायचं, आणि मी त्याचा आलेख निववण्याआधी आणि नंतर असा दोनदा काढायचा, असं ठरलं आहे.